खणाचं झाकण

वेळणे बंदराच्या नव्या धक्क्यावर समुद्रातल्या कचऱ्याचं एक मोठं शिल्प उभारायचं असं नगरपंचायतीनं ठरवलं, तेव्हा मुंबई-पुण्याचा कोणी कलाकार येणार असं सगळे धरून चालले होते. काम मिळालं ते गावातल्याच रुचिता मेतरला. रुचिता बोटी दुरुस्त करायच्या कारखान्यात बारा वर्षं वेल्डिंग करत होती. वाकलेला पंखा सरळ करणं, मोडलेलं सुकाणू जोडणं हे तिचं रोजचं काम. उरल्यासुरल्या लोखंडाचे ती मासे करायची आणि कारखान्याच्या कुंपणावर टांगायची. ते मासे पाहूनच मुख्याधिकाऱ्यांनी तिला बोलावून घेतलं होतं.

काय करणार, असं त्यांनी विचारल्यावर ती म्हणाली, पाकट करणार. वाळूवर पसरून बसणारा, पंखांसारखं अंग असलेला तो चपटा मासा. साहेबांच्या मनात देवमासा होता, नाहीतर कासव. पर्यटक फोटो काढतात. रुचितानं सांगितलं की पाकटाचे पंख आडवे पसरलेले असतात, समुद्रातून आलेली एकेक वस्तू त्यांवर दिसेल अशी लावता येते, आणि उंचावर बसवला तर माणसं त्याच्या पोटाखालून चालू शकतात. साहेब हो म्हणाले. चौदा मीटर रुंदीचा पाकट ठरला.

ही २०४१ सालची गोष्ट. धक्क्यामागच्या शेडमध्ये आठ महिने माल येत होता. जाळ्यात मासळीबरोबर जे काही वर यायचं ते बोटवाले आणून टाकायचे : फाटकी जाळी, जाळ्यांचे तरंगते बोये, फुटके क्रेट, गंजलेले नांगर. गुजरातच्या किनाऱ्यावरून भंगाराचे दोन ट्रक आले. हा माल निवडायला मंगल जुवाटकर होती. पंचेचाळिशीची, कमी बोलणारी बाई. नायलॉन एकीकडे, फायबर एकीकडे, लाकूड तिसरीकडे; तिनं लावलेल्या ढिगात कधी चूक सापडायची नाही. तिचा नवरा सुधीर आणि रुचिताचा थोरला भाऊ हर्षद एकाच बोटीवर होते. अकरा वर्षांपूर्वीच्या वादळातून ती बोट परत आली नाही.

शेडच्या एका कोपऱ्यात डॉक्टर नाझिया सोलकर आपलं यंत्र घेऊन बसायची. नाझिया मूळची रत्नागिरीकडची, समुद्राच्या संशोधनातली. शिल्पातल्या प्रत्येक वस्तूखाली तिच्या प्रवासाची पाटी असावी ही कल्पना तिची, आणि तो प्रवास वाचायचं यंत्रही तिच्याच गटानं तयार केलेलं. दिसायला ते शिवणयंत्राएवढं होतं.

बोटीच्या बुडाला चिकटलेले पांढरे, खरखरीत, शंकूसारखे जीव बंदरावरच्या प्रत्येकानं पाहिलेले असतात. शास्त्रात त्यांना बार्नेकल म्हणतात. लहान असताना ते पाण्यात पोहत असतात. एखादी तरंगती वस्तू सापडली की तिला चिकटतात, ते कायमचे. मग भरती-ओहोटीबरोबर त्यांच्या कवचात चुन्याचे बारीक थर वाढत जातात. पाण्यातल्या प्राणवायूचे काही अणू हलके असतात, काही जड. पाणी थंड असलं की चुन्यात जड अणू किंचित जास्त बसतात, गरम असलं की कमी. म्हणजे कवचातला प्रत्येक थर ही त्या दिवसाच्या पाण्याच्या तापमानाची नोंदच असते. हे शास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं, पण एक कवच वाचायला प्रयोगशाळेत आठवडे जायचे. नाझियाचं यंत्र लेसरनं केसाएवढी रेघ ओढत थरामागून थर अर्ध्या तासात वाचायचं.

पुढचं काम संगणकाचं. समुद्राच्या पृष्ठभागाचं रोजचं तापमान उपग्रह पन्नास वर्षं टिपत आले आहेत. अमुक दिवशी अठ्ठावीस अंश, पुढच्या आठवड्यात साडेसव्वीस, मग पुन्हा सत्तावीस, अशी ओळीनं तापमानं भेटत जातील असा मार्ग साऱ्या समुद्रात बहुधा एकच निघतो. तो सापडला की वस्तू पाण्यात केव्हा पडली, कुठे पडली, कुठून कुठे वाहत गेली, सगळं नकाशावर उमटायचं.

गावानं त्याला ‘कुंडलीची मशीन’ असं नाव दिलं. संध्याकाळी पाच वाजता नाझिया दिवसभराचे निकाल वाचून दाखवायची आणि ऐकायला शेडच्या दाराशी माणसं जमायची. एक पिवळा क्रेट ओमानच्या किनाऱ्याजवळून चौदा महिने तरंगत आला होता. एक चप्पल मालदीवची होती. उमेश धुरीचा लाल बोया लक्षद्वीपपर्यंत जाऊन परत आला होता. तो बोया शेजारच्या बोटवाल्यानं चोरला म्हणून उमेश सहा वर्षं त्याच्याशी बोलत नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो सुरमई घेऊन त्या शेजाऱ्याच्या दारात जाऊन उभा राहिला. लोक बरेच दिवस त्यावर हसत होते. आपल्यालाही या यंत्रासमोर कधी बसावं लागेल, असं रुचिताच्या मनात आलं नव्हतं.

सप्टेंबरात दुसरा ट्रक रिकामा झाला. फायबरच्या ढिगातून पंखाच्या कडेसाठी सपाट तुकडे काढताना तिच्या हाताला एक पांढरं झाकण लागलं. तीन फूट बाय दोन फूट, बोटीतल्या बर्फाच्या खणाचं. मासळी बर्फात ठेवायचे ते खण बोटीच्या पोटात असतात आणि वरून अशी जाड झाकणं बसवतात. एका बाजूला बार्नेकलचा पांढरा खडबडीत थर होता. तिनं ते उलटं केलं. आतल्या बाजूला निळ्या ऑइलपेंटनं एक मासा काढलेला होता आणि त्या माशाच्या डोळ्याला तीन पापण्या होत्या.

माशाला पापण्या नसतात म्हणून हर्षदनं तिला किती चिडवलं होतं. हर्षदची बोट तेव्हा नवी होती, रुचिता एकोणीस वर्षांची होती, आणि रंगाचा डबा उरला होता.

मंगल दहा पावलांवर बसून जाळं कापत होती. रुचितानं झाकण गोणपाटात गुंडाळलं आणि आपल्या टेबलाखाली ठेवलं.

अकरा वर्षांपूर्वी, २०३० च्या नोव्हेंबरात, ‘सातेरी कृपा’ दहा दिवसांच्या फेरीवर गेली होती. हर्षद तांडेल होता, म्हणजे बोटीचा प्रमुख. सुधीर जुवाटकर इंजिनावर. आणि गोकर्णाकडचे मंजुनाथ आणि गणपती हे दोघे खलाशी. चोवीस तारखेला वादळ आलं. अंदाजापेक्षा एक दिवस आधी आलं आणि समुद्रातच वळून उत्तरेला गेलं. बाकीच्या बोटी कुठल्या ना कुठल्या बंदराला लागल्या. सातेरी कृपाचा संदेश बंद पडला तो पडलाच.

रुचिताचे वडील बाबल मेतर तेव्हा मच्छिमार सोसायटीचे अध्यक्ष होते. सारं बंदर त्यांना तात्या म्हणायचं. त्यांनी अकरा बोटी काढल्या आणि स्वतः पुढे होऊन शोध सुरू केला. विमानं फिरली, तटरक्षकांची जहाजं फिरली. दहाव्या दिवशी, तीन डिसेंबरला, दुसऱ्या वादळाचा इशारा आला. अकरा बोटींवर चौसष्ट माणसं होती. तात्यांनी वायरलेसवरून सगळ्यांना परत फिरायला सांगितलं. ते दुसरं वादळ इकडे आलंच नाही, अरबस्तानाकडे निघून गेलं. पण तोवर बोटी बंदरात आल्या होत्या, तटरक्षकांची जहाजंही परतली होती आणि पुन्हा जायचं बळ कुणात उरलं नव्हतं. महिन्याभरानं तात्या स्वतः मंगलच्या घरी गेले आणि चौघं वादळातच गेले असं धरून दिवस करावेत, असं तिला समजावून आले. तिची तयारी नव्हती. तात्या म्हणतात म्हणून तिनं ऐकलं. तेव्हापासून ती दर वर्षी वादळाच्या तिथीला सुधीरचं श्राद्ध घालत होती.

पोटचा मुलगा समुद्रात असताना चौसष्ट माणसं परत आणणारा माणूस, अशी तात्यांची ओळख झाली. भाषणांतून हे बोललं जायचं तेव्हा ते मान खाली घालून बसायचे. समुद्रावर मात्र ते पुन्हा गेले नाहीत. ओट्यावर बसून जाळी विणायचे.

मंगल घरी गेल्यावर रुचितानं गोणपाट सोडलं आणि झाकण कारागिराच्या नजरेनं पाहिलं. बारा वर्षं ती तुटक्या बोटींच्या तुटक्या भागांकडेच बघत आली होती. लाटेच्या माऱ्यानं झाकण उखडलं तर बिजागरीजवळचं फायबर फाटतं, त्याचे धागे बाहेर येतात, भोकं लांबट होतात. इथे आठही भोकं गोल होती. कडा स्वच्छ होत्या. ते कोणीतरी पेचकसानं एकेक स्क्रू सोडवून काढलं होतं.

वादळात कोणी स्क्रू सोडवत बसत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं झाकण नाझियासमोर ठेवलं आणि कुणाचं आहे ते सांगितलं. नाझियानं विचारलं, वाचायचंच का? न वाचता ते तिला घरी नेता येईल, तिच्या भावाचं आहे. रुचिता म्हणाली, वाच.

यंत्रानं पाच कवचं वाचली. संध्याकाळी नाझियानं शेडचं दार ओढून घेतलं, त्या दिवशी निकाल ऐकायला आलेल्या माणसांना उद्या या म्हणून सांगितलं, आणि रुचिताला पडद्यासमोर बसवलं.

वादळ समुद्र घुसळून काढतं, तिनं समजावलं. खालचं थंड पाणी वर येतं आणि वादळ गेलेल्या वाटेवर दोन-तीन अंशांनी थंड असा पट्टा राहतो. उपग्रहांना तो पंधरा-वीस दिवस दिसत असतो. झाकण वादळात पाण्यात पडलं असतं तर कवचाचे पहिले थर थंड पाण्याचे निघाले असते. तसे ते नव्हते. पाचही कवचांची सुरुवात पाणी पुन्हा कोमट झाल्यानंतरची होती.

रुचितानं विचारलं की पडलं आधी आणि किडे उशिरा चिकटले, असं नसेल का. नाझियाला हा प्रश्न अपेक्षित होता. कुठलीही वस्तू पाण्यात पडली की बार्नेकलच्या आधी तिच्यावर सूक्ष्म जंतूंचा बुळबुळीत थर धरतो. त्याचा काही भाग कवचाच्या बुडाखाली जसाच्या तसा अडकून राहतो. त्या थराचं वय चार-पाच दिवसांपेक्षा जास्त निघत नव्हतं.

“मग कधी?” रुचितानं विचारलं.

“सतरा ते एकवीस डिसेंबर. बहुतेक एकोणीस.”

जागाही निघाली होती. वेळण्याच्या नैऋत्येला सुमारे एकशेतीस सागरी मैल. तिथून झाकण महिनोन् महिने भटकलं आणि पुढच्या पावसाळ्यात सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर फेकलं गेलं.

रुचितानं बोटांवर मोजलं. चोवीस नोव्हेंबरपासून पंचवीस दिवस. तीन डिसेंबरपासून सोळा.

नाझियानं तिला स्पष्ट सांगितलं की झाकण शिल्पात लागलं तर त्याचं वाचन बाकीच्या वाचनांसारखंच सर्वांसाठी खुलं होईल, तिला ते लपवता येणार नाही. लागलं नाही तर ती कुणाला बोलणार नाही. उद्घाटनाला दोन महिने आहेत.

रुचितानं झाकण घरी नेलं नाही आणि पंखावरही लावलं नाही. बारा दिवस ते टेबलाखाली राहिलं. ती कामावर जायची, मंगलनं निवडून दिलेले तुकडे जोडायची, मंगलनं आणलेली भाकरी तिच्याबरोबर खायची. घरी तात्यांना जेवायला वाढायची. सत्तर वर्षांच्या माणसाला हे सांगून काय साधणार, असं एक मन म्हणायचं. जेवताना तात्यांनी वर पाहिलं की तिला वाटायचं, आपल्या तोंडावर सगळं लिहिलेलं आहे. मंगलसमोर तर त्याहून वाईट. एकदा मंगलनं सहज म्हटलं की यंदा तिथी लवकर येते, तांदूळ आत्ताच दळून ठेवायला हवेत. त्या दिवशी रुचिताच्या हातातला वेल्डिंगचा टाका पहिल्यांदा वाकडा गेला.

त्या संध्याकाळी ती घरी आली, ओट्यावर तात्यांच्या समोर बसली आणि सगळं सांगून टाकलं. झाकण, पापण्या, भोकं, थंड पाणी, तारीख. तात्या जाळं विणत होते. ऐकताना त्यांचे हात थांबले नाहीत. ती गप्प झाल्यावर थांबले.

“म्हणजे पंचवीस दिवस,” ते म्हणाले.

“निदान पंचवीस.”

“तीन टन बर्फ घेऊन गेलेले. इतळून पाणी झाला आसतला. मासळी होती.” ते स्वतःशीच हिशेब करत असल्यासारखे बोलत होते. “काढले आसतीत पंचवीस दिवस.”

मग ते आत गेले आणि ट्रंकेतून जुना नकाशा घेऊन आले, ज्यावर शोधाच्या दहा दिवसांच्या रेघा त्यांनीच ओढल्या होत्या. डिसेंबरातला वारा कुठला, इंजिन बंद असलेली बोट त्यात दिवसाला किती सरकते, हे त्यांना यंत्रानं सांगायची गरज नव्हती. नाझियानं काढून दिलेल्या जागेपासून ते मागे मागे मोजत आले आणि तीन डिसेंबरच्या जागेवर पेन्सिलीचं टोक टेकवलं. त्या दिवशी रांगेतली शेवटची बोट जिथून परत फिरली, तिथून ती जागा दक्षिणेला तीस मैलांवर होती.

रुचिता म्हणाली की एवढ्या समुद्रात तीस मैल म्हणजे काही जवळ नाही, सापडली असतीच असं नाही. नाझियाही तेच म्हणते.

“चार-पाच तासांची वाट,” तात्या म्हणाले. “गावली आसती की नाय, ता मशीन सांगणा नाय. मी मागे फिरवलंय, तेवढा खरा.” त्यांनी नकाशाची घडी घातली. “मंगलाक मी सांगतंय. तू बोला नको.”

दुसऱ्या दिवशी दुपारी ते दोघं मंगलच्या अंगणात उभे होते. ती सुपात वाळत घातलेली सुंगटं, म्हणजे कोळंबी, परतत होती. तात्यांनी बसायची वाट पाहिली नाही आणि तिनंही बसा म्हटलं नाही. त्यांनी कमीत कमी शब्दांत सांगितलं. दुसऱ्या वादळाचं नाव घेतलं नाही, चौसष्ट माणसांचंही नाही. मंगलनं मध्ये एकदाच तोंड उघडलं, सोळा दिवस का, एवढं विचारायला. तात्या हो म्हणाले. तिनं सूप भिंतीला टेकवून ठेवलं, घरात गेली आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून ती शेडवर आली नाही. रुचिता दोनदा जाऊन आली. दार उघडलं नाही. तात्यांनी गोकर्णाला फोन लावले. एका खलाशाची आई वारली होती. दुसऱ्याच्या भावानं सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

रुचितानं झाकण पाकटाच्या डाव्या पंखाच्या खाली झुकलेल्या टोकावर लावलं, माणसाच्या छातीच्या उंचीवर, निळा मासा बाहेरच्या बाजूला आणि बार्नेकल आतल्या बाजूला. पाटीचा मजकूर नगरपंचायतीत गेला तेव्हा नगराध्यक्षांनी तिला बोलावून घेतलं. त्यांचं म्हणणं मऊ होतं. पालकमंत्री येणार, वृत्तवाहिन्या येणार, आनंदाच्या दिवशी हे कशाला. बाकी तीनशे पाट्या आहेत, एक नसली तर काय बिघडतं. तेवढ्यात रुचिताच्या मागून आलेल्या तात्यांनी मजकुराचा कागद मागितला. त्यांनी तो वाचला, खिशातलं पेन काढलं आणि खाली एक ओळ वाढवली. मग पाटी अशी झाली :

‘बर्फाच्या खणाचं झाकण. बोट सातेरी कृपा. हर्षद मेतर, सुधीर जुवाटकर, मंजुनाथ हरिकंत्र, गणपती तांडेल. वादळ २४ नोव्हेंबर २०३०. हे झाकण १९ डिसेंबरच्या सुमारास कोणीतरी स्क्रू सोडवून काढलं आणि पाण्यात टाकलं. शोध ३ डिसेंबरला थांबला होता. बाबल मेतर यांनी थांबवला.’

अध्यक्षांनी ती ओळ दोनदा वाचली. पाटी लागली.

नोव्हेंबरच्या अखेरीस उद्घाटन झालं. ऊन चांगलं होतं. पाकटाच्या पोटाखालून माणसं माना वर करून फिरत होती, मुलं चप्पल कुठे आहे, बोया कुठे आहे ते शोधत होती. रुचिताला हारतुरे झाले. मंत्र्यांनी पंखाला हात लावून फोटो काढून घेतला. तात्या सकाळपासून डाव्या पंखाशी उभे होते. पाटी वाचून जो कोणी वळेल त्याला ते सांगत, बाबल मेतर तो मीच. कोणी विचारलं तर सगळं पहिल्यापासून सांगत, कोणी न विचारता पुढे गेलं तर जाऊ देत. उमेश धुरी त्या अकरा बोटींपैकी एकीवर होता. तो त्यांच्याजवळ येऊन म्हणाला की वादळ आलं असतं तर तुम्ही परत बोलावलं म्हणूनच आम्ही वाचलो असतो. तात्या म्हणाले, तेही खरं आहे. हेही खरं आहे. दुसऱ्या दिवशीही ते आले. रुचितानं खुर्ची नेऊन दिली, ती त्यांनी बाजूला ठेवली.

तिसऱ्या दिवशी दुपारी मंगल आली. धक्क्यावर गर्दी नव्हती. तिनं आधी सबंध पाकट पाहिला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आपण निवडलेले तुकडे कुठे गेले ते बघत. मग झाकणापाशी आली. पाटीवरून एकेका शब्दाखाली बोट फिरवत तिनं वाचलं. नंतर झाकणाच्या कडेची भोकं चाचपली. आठही.

“ह्या तेनाच काढला,” ती रुचिताकडे बघून म्हणाली. “पेचकस तेच्या खिशात आसायचो. दुसऱ्या कोणाक हात लावूक देयना.”

झाकण कशासाठी काढलं असेल, वल्ह्यासारखं वापरायला की कोणाला दिसावं म्हणून पाण्यात सोडायला, हे रुचितानं महिनाभर मनात घोळवलं होतं. मंगललाही तोच प्रश्न पडला असणार. तिनं तो विचारला नाही.

ती तात्यांसमोर जाऊन उभी राहिली. दीड-दोन महिन्यांत दोघांनी एकमेकांना पाहिलं नव्हतं.

“तात्यानू, अकरा वर्सां मी चुकीच्या दिवशी तेका जेवण वाढलंय. तुमी सांगितलास म्हणान.”

“होय,” तात्या म्हणाले.

“तो कधी गेलो ता कोणाक ठाऊक नाय. पण एकोणीस डिसेंबरला तो जितो होतो. काम करी होतो.” तिचा आवाज चढला नव्हता. “मी आता श्राद्ध घालूचंय नाय. माका त्या जागेर घेऊन चला. एकोणीस तारखेक.”

तात्यांनी सांगितलं की जायला एक दिवस लागेल आणि यायला एक. वारा तेव्हा जोराचा असतो. बोट पुष्कळ हलते, तिला सवय नाही.

“तेंका होती?” मंगल म्हणाली.

तात्यांनी मान हलवली. माफ केलं का, असं त्यांनी विचारलं नाही, आणि तिनं त्याबद्दल काही सांगितलं नाही. ती घरी गेली. त्या दिवशी तात्या पहिल्यांदाच धक्क्यावरून लवकर निघाले आणि बोटींच्या कारखान्याकडे वळले. उमेशची बोट कधी मोकळी आहे, इंजिन कोणी तपासलं आहे, पाण्याची पिंपं किती बसतात, हे त्यांनी उभ्या उभ्या विचारून घेतलं. अकरा वर्षांत त्यांनी कुठल्या बोटीच्या इंजिनावर हात ठेवला नव्हता. रुचिता पाहत होती. त्यांनी पंप सुरू करून आवाज ऐकला आणि एक नळी बदलायला सांगितली.

अठरा डिसेंबरला सकाळी सातला ते निघाले. तात्या, उमेश, मंगल, रुचिता. बोट बंदराबाहेर काढायची तर धक्क्यावरच्या खिडकीत नोंद करून परवाना घ्यावा लागतो. खिडकीत नवीन लागलेला कारकून होता. त्यानं माणसं किती, इंधन किती, जीवरक्षक जाकिटं किती, हे विचारून भरलं. जाण्याचं कारण विचारल्यावर तात्या थांबले. कारकुनानं मदत म्हणून सांगितलं की पडद्यावर तीनच पर्याय आहेत : मासेमारी, दुरुस्ती, स्थलांतर. त्यातलं एक बोला.

“तेतूर नाय,” तात्या म्हणाले. “कागद दी.”

कारकुनानं जुना छापील अर्ज शोधून काढला. तात्यांनी चष्मा लावला आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं : शोध. सातेरी कृपा. ३ डिसेंबर २०३० पासून पुढे.

कारकुनानं ते वाचलं, एकदा म्हाताऱ्याकडे पाहिलं, आणि शिक्का मारला. मंगल आधीच बोटीवर चढून बसली होती. तिच्या मांडीवर डबा होता, चार माणसांच्या जेवणाचा. आता निघालेल्या चौघांचं वेगळं बांधून आणलेलं होतं. तात्यांनी सुकाणू हातात घेतलं आणि बोट नैऋत्येला वळवली.